कौतुकाआधी वस्तू उलटी करून पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत छंद म्हणून हस्तकला करणाऱ्या वाचकांच्या कामाची छायाचित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांत कधी कधी चामड्याच्या वस्तूही असतात. त्या मी आवर्जून पाहते, कारण गेली १२ वर्षे नोकरी सांभाळून, रात्री जेवणाचे टेबल मोकळे झाले की त्याच टेबलावर मी पाकिटे, पट्टे, वह्यांची वेष्टने आणि चष्म्याची घरे शिवत आले आहे. छायाचित्रांतील वस्तू देखण्या असतात याबद्दल वाद नाही. परंतु त्या सगळ्या समोरून टिपलेल्या असतात आणि चामड्याच्या शिवणीचे खरे-खोटे मागच्या बाजूला कळते. हौशी चर्मकाम करणाऱ्यांनी एकमेकांना सल्ला कसा द्यावा, कसा मागावा आणि ज्याला आपण प्रोत्साहन म्हणतो ते नेमके कधी उपयोगी पडते, याविषयी चार शब्द लिहिण्याची इच्छा त्या छायाचित्रांमुळेच झाली.

माझे पहिले पाकीट पूर्ण झाले तेव्हा ते मी दहाबारा जणांना दाखवले असेल. जवळजवळ प्रत्येकाने "पहिलाच प्रयत्न ना? मग छानच आहे" असे म्हटले. मला बरे वाटले आणि त्याच हाताने मी आणखी चार पाकिटे शिवली. त्यांतले शेवटचे पाकीट एका वयस्क गृहस्थांच्या हाती पडले, जे स्वतः अनेक वर्षे हौसेने हे काम करत होते. त्यांनी ते काही न बोलता उलटे केले आणि विचारले, "आरीने भोक पाडताना तुम्ही कुठे बघता?" मी म्हटले, टोकाकडे. "मग मूठ कुठे झुकते ते कोण बघणार?" समोरून आखल्यासारखी दिसणारी माझी भोके मागच्या बाजूला कडेपासून कुठे २ तर कुठे ४ मिलिमीटरवर निघाली होती, कारण आरी काटकोनात न राहता प्रत्येक वेळी थोडी वेगळी कलत होती. त्यांनी टेबलावर काटकोन तपासायचा एक लहानसा गुण्या उभा केला, त्याच्या शेजारी आरी धरायला लावली आणि मला दहा भोके पाडायला सांगितली. या सगळ्याला पाच मिनिटे लागली असतील. आधीच्या सगळ्या 'छान'पेक्षा त्या पाच मिनिटांनी मला अधिक उमेद दिली, कारण पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कामाकडे काम म्हणून पाहिले होते.

ज्यांना या शिवणीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. हाताने चामडे शिवताना एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून विरुद्ध दिशांनी नेतात. त्यासाठी शिवणीच्या लांबीच्या सुमारे चौपट दोरा घ्यावा लागतो, चामडे जाड असेल तर त्याहूनही जास्त. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाकेही सैल होऊ लागतात. हाताच्या या शिवणीत एक टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूने आलेला दोरा तेच भोक धरून राहतो. तिची दुसरी खूण म्हणजे टाक्यांचा तिरका, एकसारखा कल. हा कल कुठल्या सुईने सुरुवात केली यापेक्षा तो क्रम शेवटपर्यंत बदलला की नाही यावर ठरतो. पहिली सुई नेहमी त्याच बाजूने जावी, दुसरी नेहमी पहिल्या दोऱ्याच्या त्याच अंगाने जावी आणि दोन्हीकडची ओढ सारखी असावी. मध्येच फोन वाजला आणि क्रम चुकला, तर पन्नास टाक्यांत तो एक टाका वेगळाच उभा दिसतो. हे सारे वस्तू उलटी केल्यावर एका नजरेत वाचता येते. म्हणून कौतुक करायचे असेल तर आधी मागची बाजू पाहावी, असा माझा आग्रह आहे. मागून जमलेल्या शिवणीला "चांगली आहे" म्हणणे हे ऐकणाऱ्यालाही खरे वाटते.

पण मागची बाजू पाहून पुढच्या क्षणी सात दोष मोजून दाखवणाऱ्यांचीही मला भीती वाटते. नवख्या माणसाच्या पहिल्या वस्तूत सात काय, सतराही दोष निघतील. कापणी नागमोडी, भोके वेडीवाकडी, दोरा कुठे घट्ट कुठे सैल, कड खरखरीत, रंगाचे ओघळ. हे सारे एका दमात ऐकल्यावर माणूस सुया डब्यात टाकतो आणि डबा माळ्यावर. माझा स्वतःचा नियम असा आहे की एका वस्तूवर एकच दोष सांगायचा आणि तोही असा, जो दुरुस्त केल्याने पुढच्या वस्तूतील इतर दोन दोष आपोआप कमी होतील. क्रमाने पाहिले तर कापणी पहिली येते. कड सरळ कापलेली नसेल तर तिच्यावरून आखलेली टाक्यांची रेषा वाकडी होते आणि ती कड पुढे कितीही घासली तरी सरळ होत नाही. म्हणून कापणी वाकडी असताना मी रंगाबद्दल बोलत नाही, विचारले तरी टाळते. हे कुणाला लपवाछपवी वाटेल, पण रंगाची पाळी येते तेव्हा समोरचा अजून शिवत असलेला असावा, एवढीच त्यामागची इच्छा असते.

सल्ला मागण्याचीही एक रीत आहे आणि तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असा: "कडेला चकाकी का येत नाही?" हा प्रश्न इतक्या शब्दांत उत्तर देण्याजोगा नाही, हे मलाही उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने हेच विचारले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्याला सांगितले की कडेला थोडे पाणी लावावे आणि कठीण, गुळगुळीत लाकडाने ती घासत राहावी, घर्षणाच्या उष्णतेने तंतू बसतात आणि कड काचेसारखी होते. तो बिचारा दोन संध्याकाळी घासत बसला. कड होती तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने तुकडा आणून दाखवला तेव्हा मध्यभागी निळसर राखाडी रंग दिसला आणि माझी चूक लक्षात आली. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे होते. झाडांच्या साली, पाने, फळे यांतील टॅनिनने कमावलेल्या चामड्याचीच कड अशी घासून चकाकते. क्रोमच्या चामड्याचे तंतू मऊ आणि लवचिक राहतात, ते दबून एकमेकांना चिकटत नाहीत. त्याच्या कडेला रंगाचे थर द्यावे लागतात किंवा ती दुमडून शिवावी लागते. दोष त्या तरुणाचा नव्हता. चामडे कोणते हे न विचारताच मी उत्तर दिले होते.

हा फरक नवख्यांना माहीत नसतो, कारण दुकानात दोन्हींना चामडेच म्हणतात. क्रोमची पद्धत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, तिने काम दिवसांत उरकते आणि आज जगात तयार होणारे बहुतांश चामडे त्याच पद्धतीचे असते. टॅनिनच्या जुन्या पद्धतीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. हातातला तुकडा कोणता हे ओळखायला घरगुती उपाय आहेत. वर लेप नसलेल्या टॅनिनच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जातो आणि तिथे गडद डाग पडतो, जो वाळल्यावर बहुधा फिका होतो. तेवढ्याने खात्री होत नसेल तर बोटाएवढी पट्टी मिनिटभर उकळत्या पाण्यात सोडावी. टॅनिनची पट्टी आक्रसून वळते आणि वाळल्यावर लाकडासारखी कडक होते, तर क्रोमची पट्टी फारशी बदलत नाही. (हाच धडा उलट्या बाजूनेही लक्षात ठेवावा. भिजलेले चामडे लवकर वाळावे म्हणून ते शेगडीजवळ ठेवणाऱ्यांची वस्तू वाचत नाही.)

तेव्हा प्रश्न विचारताना चामडे कोणत्या कमावणीचे आहे, किती जाड आहे, दोरा कोणता, भोकांतील अंतर किती आणि आतापर्यंत काय काय करून पाहिले, हे सांगितले पाहिजे. जाडीचा गोंधळ तर नेहमीचाच. काही पुस्तके आणि नमुने जाडी औंसात सांगतात. तिथे १ औंस म्हणजे एका इंचाचा ६४वा भाग, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. आठ औंसांचे चामडे वजनाचे माप समजून घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांत मीही होते. ३ मिलिमीटरचे चामडे पट्ट्याला उत्तम, पण त्याचे दुमडते पाकीट केले तर ते मिटत नाही, पुस्तकासारखे उघडेच राहते. मी आतल्या खिशांसाठी १ मिलिमीटरच्या आसपास आणि बाहेरच्या अंगासाठी दीड मिलिमीटरपर्यंत जाते, आणि जिथे तीन-चार थर एकत्र येतात तिथे कडा रापीने तासून पातळ करते. "पाकीट जाड होते, काय करू?" या प्रश्नाबरोबर हे आकडे आले की उत्तर एका वाक्यात देता येते. आकडे नसले की पाच जण पाच उत्तरे देतात, प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या चामड्यासाठी बरोबर असते आणि विचारणारा मात्र आणखी गोंधळतो.

एका बाबतीत मात्र मी एका दोषाचा नियम पाळत नाही आणि गोड बोलतही नाही. कापताना दुसरा हात पात्याच्या वाटेत असेल, तर समोरच्याचे पाकीट कितीही सुंदर असो, मी त्याला तिथेच थांबवते. नवख्यांना धारदार पात्याची भीती वाटते आणि ते मुद्दाम बोथट पाते वापरतात. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोर दिलेले पाते घसरते आणि घसरलेले पाते कुठे जाईल ते सांगता येत नाही. कापायला बसण्यापूर्वी पाते चामड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून दहावीस वेळा मागे ओढावे, त्याने निम्मे अपघात टळतील असे माझे मत आहे. चिकटवायच्या सोल्युशनचेही तसेच. खिडकी बंद ठेवून त्याचा वास घेत बसणे हा छंदाचा भाग नाही. सोल्युशन दोन्ही पृष्ठांना लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे असते, आणि तो सगळा वेळ वाफ खोलीत भरत असते, हे कुणी सांगत नाही.

अनुभवी मंडळींकडे वळते. आपल्यापैकी काहींना आपली युक्ती हातची जाईल अशी धास्ती असते. मला ती कधी समजली नाही. टॅनिनच्या ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी ठेवली की निळे-काळे डाग पडतात, कारण लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग तयार होतो. हे समजण्यापूर्वी माझे दोन पट्टे वाया गेले. लिंबाचा रस लावून ते डाग बरेच फिके होतात आणि नंतर ती जागा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यावी लागते, हे मला फार उशिरा कुणीतरी सांगितले. पुढे कळले की हीच क्रिया मुद्दाम घडवून चामडे काळे करता येते: व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस काही दिवस मुरवायचा, गाळून ते पाणी चामड्याला लावायचे आणि मग खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आम्लता घालवायची. असा काळा रंग चामड्यातच तयार झालेला असल्याने हाताला लागत नाही. हे सांगून माझे काय गेले? माझे दोन पट्टे आधीच गेलेले होते, इतरांचे वाचावेत.

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात आळशी सल्ला म्हणजे "अमुक हत्यार घ्या". भोके वाकडी येतात, तर दातेरी पंच घ्या. कड जमत नाही, तर विजेवर फिरणारे यंत्र घ्या. हत्यारांनी काम सुकर होते हे मी नाकारत नाही, माझ्याकडेही गरजेपेक्षा जास्त आहेत. परंतु दातेरी पंचही तिरका ठोकला तर मागची भोके तिरकीच निघतात, फक्त आता ती एका वेळी सहा निघतात. धारदार पाते, पोलादी पट्टी, आरी, दोन बोथट टोकाच्या सुया, मेणवलेला दोरा आणि काम धरायला दोन फळ्यांचा शिकंजा, एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम जाते. पहिली वस्तूही साधीच असावी. आर्मेनियातील एका गुहेत २००८ साली सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा एक बूट सापडला. तो गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्याचा आहे, भोके पाडून चामड्याच्या वादीने आवळलेला. नवख्या माणसाने बारा खिशांच्या पाकिटाचा नमुना माझ्यापुढे ठेवला की मी त्याला या बुटाबद्दल सांगते आणि एकाच तुकड्याची, एका दुमडीची किल्ल्यांची पिशवी करायला लावते. पुष्कळांना ते अपमानास्पद वाटते. जे करतात ते बहुधा टिकतात.

लेखी सल्ल्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चामड्यावर नक्षी उठवण्यापूर्वी ते ओलवून काही वेळ मुरू द्यावे लागते. किती वेळ, असे विचारले तर मिनिटे सांगता येत नाहीत, कारण ती जाडीवर, हवेवर आणि कमावणीवर अवलंबून असतात. वरचा रंग जवळजवळ पूर्ववत झाला पाहिजे, पण तुकडा गालाला लावल्यावर थंड लागला पाहिजे. ही थंडी एकदा दुसऱ्याच्या तुकड्यावर अनुभवली की पुढे चुकत नाही, आणि वाचून दहा वेळा चुकते. तेलाचेही तेच. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल कोरड्या चामड्याला मऊ करते, पण दोन हात जास्त झाले की चामडे भुसभुशीत होते आणि आत गेलेले तेल बाहेर काढता येत नाही. 'थोडे' म्हणजे किती, ते हात पाहूनच कळते. म्हणून महिन्यातून एकदा चार जणांनी आपापले अर्धवट काम घेऊन एका टेबलाभोवती बसावे, याला पर्याय नाही असे मला वाटते. अशा बैठकीत पोटासाठी हे काम करणारा कारागीर आला तर त्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे, पण एक भान ठेवून. आपली चूक एका तुकड्यावर भागते, त्याची चूक दिवसाच्या कमाईवर येते. त्यामुळे तो अनेकदा झटपट होणारी रीत सांगेल आणि ती त्याच्यासाठी योग्यच असेल. त्याचा वेळ फुकट मागू नये, हे वेगळे सांगायला नको.

संपादक महोदय, आपणास माझी विनंती दोन गोष्टींची आहे. हस्तकलेची छायाचित्रे मागवताना वस्तूची मागची किंवा आतली बाजूही मागवावी आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापावीत. आणि पुरवणीच्या एखाद्या कोपऱ्यात न जमलेल्या वस्तूंना जागा द्यावी: एक छायाचित्र, साहित्याचे तपशील आणि एक प्रश्न. उत्तरे वाचक देतील. इतर हस्तकलांनाही त्याचा उपयोग होईल, पण त्यांच्याबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही.

पहिला प्रश्न माझाच घ्यावा. सोबत चष्म्याच्या घराचे छायाचित्र आहे. चामडे टॅनिनने कमावलेले, २ मिलिमीटर जाड. दोरा मेणवलेला, ०.८ मिलिमीटरचा, भोकांतील अंतर ४ मिलिमीटर. चामडे ओलवून लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवले आणि दोन दिवस सावलीत वाळवले. वाळल्यावर झाकणाचा डावा कोपरा उजव्यापेक्षा ३ मिलिमीटर वर उचललेला राहतो. डावी बाजू कातड्याच्या पोटाकडच्या, जास्त ताणल्या जाणाऱ्या भागातून आली असावी असा माझा तर्क होता, म्हणून दुसऱ्या वेळी सगळा तुकडा पाठीच्या भागातून कापला. कोपरा तरीही उचलतोच. माझ्या हातात नेमके काय चुकते आहे, हे कुणी सांगू शकेल काय? छायाचित्रे दोन्ही बाजूंची जोडली आहेत.

आपली नम्र,
एक हौशी चर्मकाम करणारी वाचक